प्रथम स्थान कोणाचे?

‘प्रथम’ ह्या शब्दाशी शाळेत वाढणाऱ्या मुलामुलींचा जितका परिचय असतो तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी क्वचितच असेल. वर्गात प्रथम कोण आला, शर्यतीत प्रथम कोण पोहोचली, वक्तृत्वाच्या चढाओढीत पहिले पारितोषिक कोणास मिळाले, ह्या प्रश्नांभोवती शाळेचे वर्ष फिरत असते. आणि वार्षिक अंकाची पाने चाळणारे पालकही, खरे सांगावयाचे तर, आधी गुणवंतांची यादी पाहतात व मग लेखांकडे वळतात. ह्यात गैर काही नाही. तथापि ह्याच शब्दाचा एक दुसरा उपयोग आमच्या ख्रिस्ती घरांतून नित्य होत असतो. देवाला प्रथम स्थान द्यावे, असे आम्ही रविवारच्या शाळेत ऐकतो, उपासनेत ऐकतो, लग्नाच्या उपदेशात ऐकतो आणि नव्या घराच्या प्रार्थनेतही ऐकतो. इतके वेळा ऐकतो, की हा उपदेश आता गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा वाटू लागला आहे. तो हातातून हातात जातो, पण त्यावरचा छाप कोणी वाचीत नाही. तो छाप एकदा नीट वाचून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. लेख ख्रिस्ती कुटुंबांस उद्देशून लिहिला असला तरी इतर वाचकांनी पान उलटून टाकू नये अशी विनंती आहे. ज्यांच्या घरी सांजसकाळ देवापुढे दिवा लागतो त्यांस ह्यातील अडचणी परक्या वाटणार नाहीत.

पुष्कळांची समजूत अशी दिसते की, देवाला प्रथम स्थान देणे म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकात त्यास पहिला तास देणे. सकाळी उठावे, पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचावा, प्रार्थना करावी, की देवाचा तास संपला. घंटा झाली, दुसरा तास नोकरीधंद्याचा, तिसरा बाजाराचा, चौथा करमणुकीचा. गणिताच्या तासाला इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात येऊ नये, तद्वत् धंद्याच्या तासाला देवाने मध्ये बोलू नये, अशी आमची अपेक्षा असते. सकाळची प्रार्थना नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट ती हल्ली पूर्वीपेक्षा अधिक हवी. आज बहुतेकांच्या उशाशी मोबाईल असतो. डोळे पुरते उघडण्यापूर्वीच हात त्याकडे जातो, आणि दिवसाची पहिली पंधरा मिनिटे कोणाच्या तरी सहलीची छायाचित्रे व कोणाची तरी भांडणे पाहण्यात जातात. ती पंधरा मिनिटे देवाकडे परत आणणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पहिला तास देणे आणि पहिले स्थान देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीने दुसरीची भरपाई होते असे समजणे ही मात्र फार मोठी फसगत आहे.

घर बांधणाऱ्या गवंड्याकडे पाहावे. त्याच्यापाशी ओळंबा असतो. एक दोरी आणि तिच्या टोकास लोंबणारे वजन, एवढेच त्याचे स्वरूप. गवंडी तो ओळंबा पायाची पहिली वीट म्हणून जमिनीत पुरून टाकीत नाही. तो त्यास जवळ बाळगतो व भिंतीचा एकेक थर चढला की लावून पाहतो. डोळ्यांस भिंत सरळ दिसत असते, कारण डोळा फसतो. दोरी फसत नाही. देवाचे पहिले स्थान हे ह्या प्रकारचे आहे, असे आम्हास वाटते. दिवसाच्या आरंभी त्याला मान देऊन बाजूस बसवावयाचे नाही. प्रत्येक थराला त्याची दोरी लावावयाची आहे.

ओळंब्याचा हा दाखला आम्ही आपल्या पदरचा काढला आहे असेही नव्हे. तकोवा येथील मेंढपाळ आमोस ह्यास जे दृष्टान्त झाले त्यांत देव हाती ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा असलेला त्यास दिसला. त्या काळच्या इस्राएल लोकांची उपासना काही बंद पडली नव्हती. सण भरत होते, बली अर्पिले जात होते, गायन-वादन चालू होते, शब्बाथ पाळला जात होता. परंतु आमोस म्हणतो, व्यापाऱ्यांचे मन तो पवित्र दिवस केव्हा एकदा संपतो इकडे लागलेले असे. कारण तो संपला की धान्याची कोठारे उघडावयाची, माप लहान ठेवावयाचे, वजन खोटे लावावयाचे, व गरिबाच्या गळ्यात धान्याबरोबर भुसाही बांधावयाचा. देवाला पहिला दिवस मिळाला होता, पहिले फळ मिळाले होते, पहिले गीत मिळाले होते. तागडीवर मात्र दुसऱ्याच कोणाची सत्ता होती. संदेष्ट्याचा सगळा क्रोध ह्या तागडीवर आहे.

आपल्याकडील तागडी आता बहुधा विजेवर चालते, पण गोष्ट तीच. रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकावयास म्हणून, रिक्षावाल्याने फाटकी म्हणून परत केलेली नोट आठवणीने बाजूस ठेवणारे सद्गृहस्थ आमच्या मंडळ्यांत आहेत. उपासनेहून परतताना, उन्हात बसलेल्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणाऱ्या भगिनीही आहेत. ह्यांना कोणी वाईट म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. फक्त त्या थराला दोरी लावलेली नाही, इतकेच.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर आपल्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, मिझोरामात जावे. तेथील ख्रिस्ती घरांत १९१० सालापासून एक साधी रीत चालत आली आहे. घरची बाई स्वयंपाकासाठी तांदूळ काढते, तेव्हा भांडे चुलीवर चढण्यापूर्वीच त्यांतील एक मूठ ती देवाच्या कामासाठी निराळ्या डब्यात टाकते. सकाळी एक मूठ, सायंकाळी एक मूठ. मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन हे तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात, व त्या पैशांतून सुवार्तेचे कार्य चालते. आरंभी ते लोक गरीब होते. देणगी म्हणून देण्यास हाती रोकड नव्हती. मूठ मात्र प्रत्येकीपाशी होती. ह्या रीतीतील मर्म तांदळाच्या वजनात नाही. मूठ केव्हा काढली जाते, ह्यात ते आहे. जेवण झाल्यावर उरले तर देऊ, असे तेथे नाही. उरेल की नाही हे ठाऊक होण्यापूर्वीच मूठ बाजूस पडते, आणि घरातले सर्वजण जे उरले त्यात जेवतात. शिवाय हे मंदिरात घडत नाही, चुलीपाशी घडते, व त्यासाठी शब्दही उच्चारावा लागत नाही. त्या घरातील लहान मूल आईचा हात रोज दोन वेळा डब्याकडे जाताना पाहते. प्रथम स्थान म्हणजे काय, हे त्यास निराळे शिकवावे लागत असेल असे आम्हास वाटत नाही.

आता प्रत्यक्ष प्रभू येशूने ‘प्रथम’ हा शब्द कसा वापरला हे पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन आपल्या मुलांस बरेचसे मुखोद्गत असते. अन्नवस्त्राची चिंता करीत न बसता आधी देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व शोधावे, असे त्यात सांगितले आहे, आणि देवाला प्रथम स्थान देण्याचा उपदेश करणारे बहुधा ह्याच वचनावर बोट ठेवतात. परंतु त्याच प्रवचनात ‘आधी’ असे आणखी दोनदा सांगितलेले आहे, तिकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. एकदा असे की, अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपणाविषयी काही आहे ह्याचे स्मरण झाले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, आणि मग परत येऊन ते अर्पावे. दुसऱ्यांदा असे की, भावाच्या डोळ्यातील कुसळ काढावयास जाण्यापूर्वी आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढावे. तिन्ही ‘आधी’ एकाच मुखातून, एकाच प्रवचनात निघालेले आहेत. तेव्हा त्यांत विरोध असणे शक्य नाही. देवाचे राज्य आधी, आणि भावाशी समेट वेदीच्याही आधी! ह्याचा अर्थ आम्हास असा दिसतो की, भावाकडे जाण्याचा तो रस्ता हा देवाकडे जाण्याच्या रस्त्याचाच पहिला तुकडा आहे. तो गाळून पुढे जाता येत नाही.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचा ज्यांस परिचय आहे त्यांस हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही. दोन सख्खे भाऊ, शेताच्या बांधावरून कोर्टात दावा चाललेला, आणि रविवारी दोघेही एकाच मंदिरात, एक उजवीकडच्या शेवटच्या बाकावर व दुसरा डावीकडच्या. दोघेही वेळेवर येतात, दोघेही दशमांश देतात, दोघांच्याही घरी कौटुंबिक प्रार्थना होते. त्या दोघांनाही आपण देवाला प्रथम स्थान देतो असे मनापासून वाटत असते. मध्ये बारा बाकांचे अंतर असते, व ते ओलांडण्यास न्यायाधीशाच्या हुकुमाची गरज नसते.

देवाचे नाव पुढे करून माणसाला मागे लोटता येते, हे प्रभूने जितके ओळखले होते तितके कोणी ओळखले नसेल. मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ ह्या रूढीची हकिकत आहे. ज्या द्रव्यातून म्हाताऱ्या आईबापांचे पोषण व्हावयाचे ते देवाला वाहिले आहे असे एकदा मुलाने म्हटले, की त्यास आईबापांविषयी काही करावे लागत नसे, आणि शास्त्री लोक त्यास मान्यता देत. वरवर पाहता ह्याहून अधिक ‘देव प्रथम’ ते काय असणार? आईबापांपेक्षाही देव वरचा! पण प्रभूने ह्यावर जितकी कठोर टीका केली तितकी थोड्याच गोष्टींवर केली आहे. म्हणून एखादा तरुण सर्व संध्याकाळ मंडळीच्या सभांत घालवितो आणि घरी अंथरुणास खिळलेल्या आजीला पाणी देण्यास दुसऱ्या कोणास सांगतो, तेव्हा त्याच्या धर्मोत्साहाची स्तुती करण्यापूर्वी पाळकांनी थोडे थांबावे हे बरे.

काम आणि उपासना ह्यांत भांडण लावण्याची सवयही अशीच आहे. आम्हास फुरसत नाही, असे म्हणणाऱ्या आयांची अडचण खोटी नाही; चार माणसांचे डबे, पाण्याची वेळ, नोकरीची गाडी ह्यांत सापडलेल्या बाईस एकांत कोठून मिळावा? त्यांनी केडगावच्या पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा एकदा काढून वाचावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या मुली त्यांनी आणल्या. पुढे मुक्तीसदनात शेकडो मुलीबायांचे जेवण, औषध, शाळा, शेती, विणकाम आणि छापखाना हा सगळा व्याप त्यांच्या शिरावर होता. त्याच व्यापात त्यांनी उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम त्यांच्याच संस्थेतील स्त्रियांच्या हातांनी झाले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर नुकतेच हातावेगळे झाले होते. त्यांचा कोणता तास देवाचा व कोणता मुलींचा, हे वेगळे करून दाखविणे आमच्याने तरी होणार नाही.

येथवर जे सांगितले ते मान्य करण्यास फारसे कोणास जड जाणार नाही. अडचण पुढे आहे. काही प्रसंगी दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि एकीला मागे सरावेच लागते. अशा वेळी काय करावे? ह्यासाठी एका खेळाडूची हकिकत सांगावयाची आहे. ती पुष्कळ मुलांनी ऐकली असेल, पण बहुधा अर्धीच.

एरिक लिडेल ह्याचा जन्म १९०२ साली चीनमधील टिएन्त्सिन येथे एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबात झाला. पुढे एडिंबरो विद्यापीठात शिकत असता तो रग्बीत स्कॉटलंडकडून खेळला, व धावण्यात तर शंभर मीटरच्या शर्यतीसाठी ब्रिटनची मोठी आशा त्याच्यावर होती. १९२४ सालचे ऑलिंपिक सामने पॅरिसला व्हावयाचे होते. त्यांचे वेळापत्रक प्रसिद्ध झाले तेव्हा शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै ह्या दिवशी, म्हणजे रविवारी, असल्याचे दिसून आले. प्रभूचा दिवस खेळाच्या चढाओढीसाठी वापरावयाचा नाही, असे लिडेलच्या घरचे वळण व त्याच्या स्वतःच्या मनाचाही निश्चय होता. तो त्या शर्यतीतून बाहेर पडला. १९८१ साली निघालेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ ह्या चित्रपटात ही बातमी त्यास अगदी जहाजावर चढताना कळते असे दाखविले आहे; नाटकास ते शोभते, पण वस्तुस्थिती तशी नव्हती. वेळापत्रक त्यास कित्येक महिने आधी कळले होते. आमच्या मते ह्यामुळे त्याची थोरवी कमी न होता वाढते. क्षणाच्या आवेशात ‘नाही’ म्हणणे सोपे. महिनोन्महिने लोकांची नाराजी सोशीत, ज्यात आपण सर्वांत प्रवीण ती शर्यत सोडून दुसरीचा सराव करीत राहणे, हे अवघड. शंभर मीटरचे सुवर्णपदक त्याच्याच संघातील हॅरल्ड अब्राहम्स ह्यास मिळाले. लिडेल दोनशे मीटरमध्ये तिसरा आला, आणि शुक्रवार ११ जुलै रोजी चारशे मीटरची शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकून ऑलिंपिकचा नवा विक्रम केला.

सामान्यतः गोष्ट येथे संपवितात. पुढचा भाग आम्हास अधिक मोलाचा वाटतो. १९२५ साली, कीर्तीच्या शिखरावर असता, तो चीनला परत गेला. टिएन्त्सिनच्या एका महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागला. नंतर खेड्यांत सुवार्तेच्या कामास गेला. युद्धाचे ढग दाटले तेव्हा १९४१ साली त्याने पत्नीस व दोन मुलींस कॅनडास पाठविले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिचे तोंड त्याने पाहिले नाही. १९४३ साली जपानी सैन्याने त्यास इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएन येथील छावणीत कोंडले. तेथे दीड हजारांवर माणसे दाटीवाटीने राहत होती. त्यांत चीफू येथील मिशनरी शाळेची, आईबापांपासून तुटलेली मुलेही होती. लिडेल त्यांस विज्ञान शिकवी, त्यांच्यासाठी खेळ भरवी, म्हाताऱ्यांचे पाणी वाही. रविवारी मात्र तो खेळ भरवीत नसे. तेव्हा एका रविवारी मुलांनी आपापल्यातच हॉकीचा सामना मांडला. पंच कोणी नव्हता. सामन्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी मुले मैदानावर आली तेव्हा लिडेल शिटी घेऊन पंच म्हणून उभा होता.

ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली तोच हा मनुष्य! कोणी म्हणेल, त्याचे व्रत ढिले झाले. आम्हास उलट वाटते. पॅरिसला रविवारी धावण्याने जे मिळावयाचे होते ते त्याचे स्वतःचे होते. ते त्याने देवाच्या पायाशी ठेवले. वेइशिएनला रविवारी न उतरण्याने जे राखले जाणार होते तेही त्याचे स्वतःचेच होते, म्हणजे वीस वर्षांची त्याची कीर्ती. तीही त्याने देवाच्या पायाशी ठेवली, कारण समोर तारांच्या कुंपणात अडकलेली, आईबापांवाचूनची, बेभान होत चाललेली पोरे होती. दोरी दोन्ही वेळा तीच होती. भिंत निराळी होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेस सहा महिने उरले असता, मेंदूतील गाठीने त्याचा त्या छावणीतच अंत झाला. वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते.

आता ही दोरी आपल्या दाराशी आणू. वैद्यकीय प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘नीट’ परीक्षा २०२४ साली ५ मे रोजी व २०२५ साली ४ मे रोजी झाली; दोन्ही दिवस रविवारच होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही पुष्कळदा रविवारीच असतात. ख्रिस्ती विद्यार्थ्याने काय करावे? लिडेलप्रमाणे घरी राहावे काय? आमचे स्पष्ट मत असे की, परीक्षेस बसावे. तो दिवस विद्यार्थ्याने निवडलेला नाही. रुग्णांची सेवा करण्याचे शिक्षण मिळविणे हा काही मानमरातबाचा खेळ नव्हे. आणि शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल वर काढावयाचा की नाही, ह्याचे उत्तर प्रभूने केव्हाच देऊन ठेवले आहे. सकाळी घरातल्या सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, मुलाच्या किंवा मुलीच्या मस्तकावर हात ठेवावा, व निःशंक मनाने जाऊ द्यावे. ज्या तरुणाची विवेकबुद्धी त्यास निराळे सांगत असेल त्याची मात्र कोणी चेष्टा करू नये.

एका रविवारच्या परीक्षेविषयी इतके बोलून झाल्यावर, वर्षाच्या बावन्न रविवारांविषयी मात्र आमचे मत इतके सौम्य नाही. नववी संपली की मुलास ‘क्लास’ लावावयाचा, आणि त्या क्लासच्या चाचण्या नेमक्या रविवारी सकाळी सात ते अकरा, ही आता शहरांतील सर्वसाधारण रीत झाली आहे. पालक म्हणतात, दहावीचे वर्ष आहे, हे एक वर्ष चर्च राहू द्या. देव समजून घेईल. देव समजून घेईल हे खरेच; तो फार समजून घेणारा आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे वाक्य नेहमी देवाविषयीच उच्चारले जाते. आज उपासना आहे, तेव्हा सर समजून घेतील, असे म्हणणारा पालक आम्ही पाहिला नाही. कोणास समजून घ्यावयास लावावयाचे व कोणापुढे आपण वाकावयाचे, ह्या निवडीतच स्थान ठरून जाते, आणि घरातील मुलगा ते मुकाट्याने पाहत असतो. दहावीचे एक वर्ष सरते, मग अकरावी येते, बारावी येते, प्रवेशपरीक्षा येतात. चार वर्षांनी तो मुलगा नाताळात मंदिरात येतो तेव्हा पाहुण्यासारखा दाराजवळच्या बाकावर बसतो, आणि आईबापांस आश्चर्य वाटते की ह्याचे मन उपासनेत का रमत नाही.

आमची सूचना क्रांतिकारक नाही. क्लास लावूच नये असे आम्ही म्हणत नाही. गरीब घरच्या मुलास त्यावाचून गत्यंतर नसते हेही आम्ही जाणतो. जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी, पैसे देण्यापूर्वी, बापाने संचालकांस एवढे विचारावे की, आमच्या मुलाची चाचणी शनिवारी सायंकाळी घेता येईल काय? पैसे भरल्यावर विचारल्यास त्याचा उपयोग होत नाही. पाचसात ख्रिस्ती पालकांनी मिळून विचारल्यास पुष्कळदा व्यवस्था होऊ शकते. कारण क्लास चालविणाऱ्यांसही विद्यार्थी हवे असतात. व्यवस्था झाली नाही, तर जेथे ती होते तो क्लास पाहावा, मग तो थोडा कमी नावाजलेला का असेना. आणि ही विचारपूस मुलाच्या समक्ष व्हावी.

ह्यावर एक प्रश्न येणार, आणि तो योग्य आहे. असे केल्याने गुण कमी पडले तर? कदाचित पडतील. देवाला मान दिला म्हणजे तो गुणपत्रिकेत व्याजासह परतफेड करतो, असे मुलांस सांगू नये. ते खरे नाही, आणि जेव्हा परतफेड होत नाही तेव्हा मुलांची श्रद्धा डळमळते ती अशा सांगण्यामुळेच. लिडेलची गोष्टही पुष्कळदा ह्याच चुकीच्या रीतीने सांगतात, जणू काय शंभर मीटर सोडल्याबद्दल देवाने त्यास चारशे मीटरचे पदक बक्षीस दिले. वस्तुतः त्याने रविवारसाठी आणखी दोन शर्यती सोडल्या होत्या. १३ जुलै १९२४ हाही रविवार होता, आणि त्या दिवशी दोन्ही रिले शर्यतींचे अंतिम सामने झाले. एकीत ब्रिटनच्या संघास रौप्यपदक मिळाले, दुसरीत कांस्य. त्या संघांत लिडेल नव्हता, व त्या दोन पदकांच्या बदल्यात त्यास दुसरे काही मिळाले असे कोठेही लिहिलेले नाही. मुलांस ही गोष्ट सांगताना तेवढा भाग पालकांनी गाळू नये.